ग्रॅम प्रति किलोमीटर

कुर्ल्याला सीएसटी रोडवर, कपाडिया नगरच्या अलीकडे
सिराज परकारचा गाळा.
मी विम्याचा सर्व्हेअर. महिन्यातून दोनदा येतो,
'टोटल लॉस' गाड्यांवर शेवटची सही करायला.

आज जर्मन सेदान आहे, अटल सेतूवर दुभाजकाला चाटलेली.
पुढचं नाक गेलंय. मागचं सगळं शाबूत,
मागच्या सीटखाली लहान मुलीचा एक बूट.
फोटो काढत नाही. फॉर्मात त्याला रकाना नाही.

पाठीखाली पुठ्ठा सरकवून सिराज गाडीखाली जातो.
"या साहेब," म्हणतो, "कायदा बघा."

दाभोळहून आला तेव्हा दहावीला गणितात लटकलेला.
इंग्रजी पार्ट नंबरापुरतं.
पण युरोपातला एकेक नियम त्याने पान्याने उघडलाय:
"पाच सालची गाडी. एक नळी, एक डबा, खेळ खलास.
नऊच्या डिझेलला जाळी आली, काजळी धरायला.
चौदाला युरियाची टाकी वेगळी, पंप वेगळा,
आणि सेन्सर? अहो, बारशाला बायका जमाव्यात तसे!
मग किलोमीटरला पंच्याण्णव ग्रॅम. बस.
तिकडे कुणी टेबलावर आकडा खाली आणतो,
इकडे माझे चार बोल्ट वाढतात."

मधे एकदा त्यांनी कॉपी केली, तेही त्याला ठाऊक.
तपासणीच्या खोलीत शहाणी, रस्त्यावर उनाड
अशी गाडी.
"मी नापास झालो, पण कॉपी नाही केली हां."

मी पेपरात वाचलेलं पुढे करतो:
नियमांनीच गळा आवळला म्हणतात,
तिकडे कारखाने बंद होतायत.
सिराज उत्तर देत नाही. छिन्नी मागतो.
दोन घावांत डबा उकलतो, आत पोळं,
हजार घरांचं, मध नसलेलं.
तराजूवर ठेवतो, मुंब्र्याच्या व्यापाऱ्याला फोटो टाकतो,
प्लॅटिनमचा आजचा भाव काय.
राखाडी धूळ त्याच्या भुवयांवर बसते. खोकतो,
रुमाल नाकावर ओढतो, उशिरा.
कुठल्याशा थंड गावातल्या पोरांनी
स्वच्छ श्वास घ्यावा म्हणून रचलेलं हे
मिठीच्या काठावर फुटतं.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली दुसरी एक.
विजेची. चीनची.
तीन आठवडे तिला कुणी हात लावला नाही.
"नळी नाही, डबा नाही, वास नाही.
खाली एकच सपाट पेटी, नारिंगी वायर,
आणि कवटीचा स्टिकर. वाचायचं काय?"
पुतण्या मुनाफ चेंबूरला कोर्स करतोय,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून
घरी जेवणाच्या ताटासमोर सराव करतो.

"त्यांनी वीस वर्षं डब्याला डबा जोडला, साहेब.
यांनी नळीच काढून टाकली.
पेपर कठीण होता, मान्य. पण सगळ्यांना एकच होता."
"एकच होता?" मी.
सिराज जरा थांबतो. पाना पँटीला पुसतो.
"यांच्या घरी शिकवणीला सरकार येत होतं म्हणे."
दोघेही हसतो, मग तो खोकतो,
मग ते हसणं कुठे संपलं कळत नाही.

मी सही करतो. अपघाताचं कारण: वेग.
बाकीची कारणं लिहायला ओळ नाही.
निघताना तो बूट उचलून आणतो,
मालकाला द्या म्हणतो, तुमच्याकडे पत्ता असेल.
देता देता काय मनात येतं कोण जाणे,
पोळं बाजूला सारून बूट तराजूवर ठेवतो,
चष्मा कपाळावर चढवून आकडा बघतो.

"नव्वद," म्हणतो.
"नियमात बसतो."